तरुण व्यापारी आणि स्थावराची पहिली खरेदी

आपल्या सभासद कुटुंबांतील तरुण मंडळी अलीकडे दुकानाच्या जोडीला स्थावर मिळकतीत पैसा गुंतविण्याविषयी मोठ्या उत्सुकतेने विचारणा करू लागली आहेत. ही उत्सुकता योग्यच आहे. परंतु त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, 'भाव कोणत्या बाजूला वाढेल?' माझ्या मते हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न असा की, 'जो विकतो आहे, त्याला ती वस्तू विकण्याचा पूर्ण हक्क आहे काय?'

आपण धान्याचे व्यापारी पोत्यातून मूठभर नमुना काढून तळहातावर पसरल्याशिवाय सौदा बोलत नाही. माल डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, दाताखाली फोडून पाहता येतो. जमिनीचे तसे नाही. जमीन दिसते, पण तिच्यावरील हक्क दिसत नाही; आणि आपण पैसे देतो ते मातीचे नव्हे, हक्काचे. धान्याच्या एका गाडीत खोट आली तर एका हंगामाची प्राप्ती जाते. स्थावराच्या हक्कात खोट निघाली तर खटला मुलांच्या वाट्याला येतो. म्हणून ह्या लेखात भावाविषयी थोडे आणि हक्काविषयी अधिक लिहिणार आहे. विवेचन मुख्यत्वे बेळगाव भागास, म्हणजे कर्नाटकातील नियमांस धरून आहे. तथापि ज्या मध्यवर्ती कायद्यांचा उल्लेख येईल, ते इतरत्र राहणाऱ्या वाचकांसही लागू आहेत.

१. पैसा कोणता लावावा

दुकानाचे खेळते भांडवल स्थावरात घालू नये, हा पहिला नियम समजावा. सुगीत नवा माल बाजारात उतरतो, त्या वेळी ज्याच्या हाताशी रोख रक्कम असते त्यालाच चार पैसे मिळतात. स्थावरात गेलेली रक्कम आठ दिवसांत परत येत नाही. ग्राहक शोधून, कागद दाखवून, नोंदणी होईपर्यंत महिने लोटतात. जी रक्कम निदान पाच-सात वर्षे लागणार नाही, तीच ह्या कामी योजावी.

कर्जाविषयीही गणित आधी मांडावे. समजा, २० लाख रुपये दर साल दर शेकडा ९ ह्या दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १८,००० रुपये बसतो आणि मुदतीअखेर एकंदर फेड ४३ लाखांच्या वर जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मिळकतीच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के व त्यापुढे ७५ टक्के कर्ज देऊ शकते. बँक देते म्हणून तेवढे घेतलेच पाहिजे असे नाही. मंदीच्या वर्षातही हप्ता दुकानाला न ओढता फिटेल, एवढेच कर्ज काढावे.

२. आरंभ कोठून करावा

नवशिक्यापुढे साधारणतः चार वाटा असतात. मोकळा भूखंड घेतल्यास देखभाल थोडी, पण उत्पन्नही नाही. केवळ भाववाढीवर भिस्त. सदनिकेस भाडे मिळते, पण इमारत जुनी होत जाते. दुकानगाळ्याचे भाडे सदनिकेहून बहुधा बरे असते, परंतु रस्त्याची रहदारी बदलली की तो महिनोन्महिने रिकामा पडतो. बाजार समितीच्या आवारातील गाळा घ्यावयाचा असल्यास तो मालकीचा आहे की भाडेपट्ट्याचा, आणि समितीच्या संमतीवाचून हस्तांतर होते की नाही, हे करारातूनच वाचून घ्यावे.

चौथी वाट अल्प भांडवलाची आहे. सेबीने २०१४ मध्ये स्थावर गुंतवणूक न्यासांचे नियम केले. ह्यांस 'रीट' असे म्हणतात. पहिल्या न्यासाची नोंदणी शेअर बाजारात २०१९ मध्ये झाली. मोठ्या कार्यालयीन इमारती अथवा व्यापारी संकुले न्यासाच्या मालकीची असतात आणि त्यांच्या वाटपयोग्य उत्पन्नापैकी किमान ९० टक्के रक्कम हिस्सेदारांस वाटावी लागते. आरंभी ह्यात दोन लाखांची अट होती. २०२१ मध्ये ती बरीच शिथिल झाली आणि आता बाजारातून एक एककही घेता येते. ह्याचा भाव शेअरप्रमाणे वरखाली होतो हे खरे; परंतु भाडे, रिकामी जागा, व्याजाचा दर ह्यांचा मिळकतीच्या मूल्यावर कसा परिणाम होतो, हे शिकण्यास तरुणाला ही स्वस्त शाळा आहे.

३. हक्क कसा पाहावा

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद होते ती दस्ताची. हक्काची हमी सरकार देत नाही. सब-रजिस्ट्रार कचेरीत खरेदीखत नोंदले गेले म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. त्याचप्रमाणे उताऱ्यावर नाव लागणे म्हणजेही मालकी नव्हे. महसुली नोंदी मुख्यतः सारावसुलीसाठी असतात, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणून एकाच कागदावर विसंबून न राहता सर्व कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. आपण जशी रोजकीर्द खातेवहीशी ताडतो, तसेच हे.

पहिला कागद मूळ दस्ताचा. विकणाऱ्याकडे मिळकत कोणाकडून आली, त्याच्याकडे कोणाकडून आली, अशी निदान तीस वर्षांची साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे आपल्याकडील जुने दस्त मराठीत, काही तर मोडीत असतात, आणि पुढचे कन्नडात. दोन्ही वाचणारा माणूस जोडीला घ्यावा. न वाचलेला दस्त हा न पाहिलेला दस्तच होय.

दुसरा कागद बोजा दाखल्याचा, ज्याला बाजारात ई.सी. म्हणतात. त्या मिळकतीवर कोणकोणते दस्त नोंदले गेले, हे त्यावरून कळते. कर्नाटकात तो 'कावेरी' ह्या सरकारी संकेतस्थळावरूनही मागविता येतो. मात्र मूळ दस्त गहाण ठेवून काढलेले कर्ज, तोंडी वाटणी, नोंद न केलेले मृत्युपत्र अथवा न्यायालयातील दावा ह्या दाखल्यात दिसेलच असे नाही. म्हणूनच मूळ दस्त प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावा. विकणारा केवळ छायाप्रती दाखवीत असेल तर मूळ प्रत कोठे आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

तिसरा कागद उताऱ्याचा. शेतजमिनीस पहाणी पत्रक, म्हणजे 'भूमी' योजनेखाली संगणकावर आलेला आर.टी.सी. उतारा, शहरातील मिळकतीस सिटी सर्व्हेचा उतारा, महापालिकेच्या हद्दीत खाते-उतारा आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तू प्रणालीतील नमुने. मालकाच्या नावाइतकेच 'इतर हक्क व बोजे' ह्या सदराकडे लक्ष द्यावे. फेरफाराची नोंद कोणत्या आधारावर झाली, वारसाने की विक्रीने, हेही पाहावे.

चौथी गोष्ट कागदाची नव्हे, कुटुंबाची आहे, आणि आपल्याकडील बहुतेक तंटे येथेच उद्भवतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात कन्येस पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क वडिलोपार्जित मिळकतीत मिळाला. हा कायदा जैन कुटुंबांसही लागू आहे. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क बाधित होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्री व नोंदणीकृत वाटण्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. म्हणून विकणारे तिघे बंधू सही करण्यास तयार असले, तरी 'आपणास भगिनी किती?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माझ्या परिचयातील एका तरुणाने गावाबाहेर आठ गुंठे जागा घेतली. उताऱ्यावर दोन भावांचीच नावे होती. खरेदीनंतर त्यांच्या विवाहित भगिनीने आपल्या हिश्श्याचा दावा लावला. तिची बाजू न्यायाची होती. तिला कोणी विचारलेच नव्हते. त्या तरुणाची रक्कम अडकली, जागेवर बांधता येईना, विकता येईना, आणि ऐन हंगामात दुकानास माल भरण्यासाठी त्याला व्याजाने पैसे घ्यावे लागले. एका सहीची किंमत ती एवढी! भगिनींचे हक्क डावलून मिळालेली जागा स्वस्त पडली, तरी ती घेऊ नये. कायद्यानेही नव्हे आणि नीतीनेही नव्हे.

विकणाऱ्यांत कोणी अज्ञान बालक असेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून त्याच्या पालकास त्याची स्थावर मिळकत विकता येत नाही. हे सर्व पाहून झाल्यावर वकिलामार्फत स्थानिक मराठी व कन्नड दैनिकांत जाहीर नोटीस द्यावी. तिचा खर्च थोडा, पण एखादा हक्कदार त्यामुळे खरेदीपूर्वीच पुढे येण्याचा संभव असतो.

४. कोणत्या जमिनींपासून सावध असावे

शहरालगतच्या शेतजमिनीचे तुकडे पाडून ते साध्या बाँडवर लिहून देण्याचा प्रघात आपल्या भागात आहे. भाव कमी, हप्त्याची सोय आणि 'पुढे नियमित होईलच' असे आश्वासन, ह्यांमुळे तरुण मंडळी मोहात पडतात. परंतु शंभर रुपयांहून अधिक मूल्याच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते. बाँडवरील लिखाण वा मुखत्यारपत्र ह्यांनी मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्राद्वारे होणाऱ्या विक्रीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच स्पष्ट केले. भूखंड घेताना बिनशेती आदेश, विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्याकडे बुडाने, मंजूर केलेला नकाशा आणि कमी-जास्त पत्रक हे तिन्ही पाहावेत. महापालिकेचे 'ब' खाते असणे ह्याचा अर्थ कर घेतला जातो एवढाच. मिळकत नियमास धरून आहे असा नव्हे.

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस सरकारने दिलेल्या जमिनींविषयी कर्नाटकात १९७८ चा कायदा आहे. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय अशी जमीन घेतल्यास विक्री रद्द होते आणि जमीन मूळ कुटुंबास परत जाते. २०२३ च्या दुरुस्तीने अशा दाव्यास मुदतीचे बंधनही उरलेले नाही. हा कायदा दुर्बलांच्या रक्षणार्थ आहे आणि तो तसा असणे उचितच आहे. घेणाऱ्याने मात्र जमीन मुळात कोणास दिली गेली होती, हे पाहिले पाहिजे. इनामी, वतनी व देवस्थानच्या जमिनींबाबतही हीच दक्षता घ्यावी. कॅम्प भागातील अनेक बंगल्यांची जमीन सरकारची असते व धारकाचा हक्क केवळ वरच्या इमारतीपुरता असतो, हेही विसरू नये.

कर्नाटकात बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास असलेली बंदी २०२० मध्ये उठली. महाराष्ट्रात ती कायम आहे. तेव्हा सीमेपलीकडे चंदगड भागात शेती घेऊ पाहणाऱ्याने आपण शेतकरी असल्याचा पुरावा आधी जुळवावा. गोव्यात तेथील दिवाणी संहितेनुसार विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती आवश्यक असते; पतीपत्नी दोघांच्या सह्यांवाचून व्यवहार पुरा समजू नये.

बांधकाम चालू असलेल्या संकुलातील सदनिका वा मोठ्या आराखड्यातील भूखंड घेताना २०१६ च्या रेरा कायद्याखालील नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील अथवा आठांहून अधिक सदनिकांच्या योजनेस ही नोंदणी लागते. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी विकसकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामासाठी व जमिनीच्या खर्चासाठी वापरावी लागते. भाव बोलताना तो चटई क्षेत्रावरच बोलावा.

५. उत्पन्नाचे गणित

हक्क निर्दोष ठरला की मगच भावाचा विचार. समजा, शहरात ४० लाखांचा गाळा आहे आणि मासिक भाडे १५,००० रुपये येते. वर्षाचे १,८०,००० म्हणजे साडेचार टक्के, असा हिशेब दलाल सांगतो. आता आपला हिशेब मांडू. कर्नाटकात खरेदीखतास ५ टक्के मुद्रांक शुल्क, त्या शुल्कावर उपकर व अधिभार मिळून शहरी भागात एकूण ५.६ टक्के, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याची २ टक्के झाली. म्हणजे ७.६ टक्के. ४० लाखांवर ही रक्कम ३,०४,००० होते. एकंदर गुंतवणूक ४३,०४,००० रुपये. भाड्यातून एक महिना रिकामा गेल्याचे १५,००० व घरपट्टी-दुरुस्तीचे १२,००० वजा केले, तर हाती १,५३,००० उरतात, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाकीची प्राप्ती भाववाढीतून यावयाची, आणि ती कोणी लिहून देत नाही. कर्जाचे व्याज ९ टक्के असेल तर भाड्याने हप्ता फिटेल ही कल्पना सोडूनच द्यावी. एवढे गणित मांडूनही जो व्यवहार बरा दिसेल, तोच विचारात घेण्याजोगा.

विक्रीच्या वेळचा करही आरंभीच ध्यानात घ्यावा. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या मिळकतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने कर आहे. त्या दिवसानंतर घेतलेल्या मिळकतीस महागाई निर्देशांकाची सवलत मिळत नाही.

६. व्यवहार कसा करावा

प्रथम साठेखत, ज्याला आपल्याकडे संचकारपत्रही म्हणतात, ते करावे व शक्यतो नोंदवावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यानुसार साठेखताने मालकी येत नाही, केवळ पुढे खरेदीखत मागण्याचा हक्क येतो; म्हणून इसाऱ्याची रक्कम बेताची ठेवावी. चतुःसीमा, क्षेत्रफळ, मुदत, आणि हक्कात दोष निघाल्यास इसारा परत करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. खरेदीपूर्वी मोजणी करून घ्यावी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर. कागदावरचे गुंठे व जमिनीवरचे गुंठे जुळले पाहिजेत.

सर्व रक्कम बँकेमार्फतच द्यावी. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची बंदी आहे. 'थोडे वरचे रोख द्या' असे सुचविले जाते. परंतु जी रक्कम दस्तात नाही ती पुढे आपल्या खरेदी किमतीत धरली जात नाही, आणि तंटा झाल्यास तिचा पुरावाही राहत नाही. शेतजमिनीखेरीज इतर मिळकतीची किंमत ५० लाख वा त्याहून अधिक असल्यास घेणाऱ्याने १ टक्का कर कापून सरकारात भरावयाचा असतो. मित्राच्या वा नोकराच्या नावाने मिळकत घेऊ नये. १९८८ च्या बेनामी कायद्यास २०१६ च्या दुरुस्तीने मोठी धार आली असून अशी मिळकत जप्त होऊ शकते. दोघा-तिघांनी मिळून घ्यावयाची असल्यास सर्वांची नावे व हिस्से दस्तातच लिहावेत. मैत्री टिकविण्याचा तोच राजमार्ग होय.

७. खरेदीनंतर

दस्त सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस सादर करावा लागतो. शहाण्याने तो त्याच दिवशी करावा. त्यानंतर उताऱ्यावर व खात्यावर नाव लावून घेणे, कराच्या पावत्या आपल्या नावाने घेणे, जागेस कुंपण घालणे आणि वर्षातून दोन-चार वेळा प्रत्यक्ष जाऊन पाहणे, ही कामे राहतात. मोकळ्या जागेवर दुसऱ्याने ठाण मांडले आणि मालक बारा वर्षे गप्प राहिला, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्याचा ताबा मागण्याचा हक्कच संपू शकतो. मूळ दस्त एका जागी, त्याच्या प्रती दुसऱ्या जागी, आणि दोन्ही जागा घरातील निदान दोघांस ठाऊक असाव्यात. त्यांपैकी एक व्यक्ती घरातील स्त्री असावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तरुण मित्रांनो, वकिलाची फी, मोजणीचा खर्च, जाहीर नोटिशीचे पैसे हे सर्व मिळून मिळकतीच्या किमतीच्या मानाने अत्यल्प असतात, आणि तरीही लोक काटकसर करतात ती नेमकी तेथेच. पहिल्या वर्षी काहीही न घेता केवळ पाच-सहा मिळकतींचे कागद वाचून पाहिलेत तरी ते वर्ष वाया गेले असे समजू नका. 'आज सही केली नाही तर उद्या दुसरा घेईल' असे कोणी म्हणाला, तर दुसऱ्यास खुशाल घेऊ द्यावे. कागद पुरे झाल्याखेरीज सही करावयाची नाही, एवढा नियम पाळलात तर तुमची पहिली खरेदी तुमच्या मुलांना आधार होईल, ओझे होणार नाही.